माशाखालचा पोचा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढाच, उरलेला समजून घे).

तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की तो पूर्वीसारखाच फक्त पाहुणे आले की येतो? तुम्हा दोघांची तब्येत चांगली असेल अशी आशा आहे, कारण पुढचा मजकूर वाचायला ती लागेल. तर आधी एक कर. दार लावून घे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ये. फोन कशाला, असं विचारशील. तू आणि तुझी भावजय रोज अकरा वाजता पाऊण तास फोनवर बोलता आणि मी खोलीत पाऊल टाकलं की ही एकदम हवापाण्यावर येते, हे माझ्या लक्षात येत नाही असं तुम्हा दोघींना वाटत असावं. मागच्या मंगळवारी मी आत गेलो तेव्हा ही तुला "हो ना, फार उकडतंय हो" असं सांगत होती, आणि तिच्या अंगात स्वेटर होता. म्हणून हे पत्र. यातलं काही तुला आधीच ठाऊक असेल तर तसं सरळ कळव, मी रागावणार नाही (निदान पत्रात तरी). ठाऊक नसेल तर नीट वाच, कारण प्रकरण साधं नाही. माझी गाडी माझ्या हातून काढून घेतली जात आहे, आणि त्या कामासाठी कपबशांचा वापर होतो आहे.

मी चौतीस वर्षं विमा कंपनीचा सर्व्हेअर होतो हे तू सगळ्यांना सांगतेस, पण मी नेमकं काय करायचो ते आपल्या घरात कुणाला कधी कळलं नाही. आईला शेवटपर्यंत वाटायचं की मी जमीन मोजतो. काम असं होतं की लोक गाडी घेऊन यायचे, पत्र्याला पडलेला पोचा दाखवायचे आणि शपथेवर सांगायचे की हा काल पडला. तो काल पडला की चार वर्षांपूर्वी, एवढंच मी सांगायचं. रंग उडालेल्या कडेला गंज धरलाय का, फटीत धूळ किती मुरलीय, आत लांबी भरून वर रंग मारलाय का (लांबी म्हणजे पोचे बुजवायचा लगदा, तो जाड भरला की लोहचुंबक चिकटत नाही). माणसाचा चेहरा मी कधी बघितलाच नाही, पत्रा बघितला. एका गृहस्थांनी दारावरचा एकच ओरखडा लपवण्यासाठी अख्खी गाडी जांभळी रंगवून आणली होती. मी तो ओरखडा सात मिनिटांत काढून दाखवला. त्या दिवसापासून जिथे जास्त सजावट दिसेल तिथे मी आधी बोट लावून बघतो.

स्वतःच्या गाडीचीही माझ्याकडे वही आहे, हे तुला माहीत आहे. एकोणीस वर्षांत सतरा पोचे, प्रत्येकाची तारीख, जागा, व्यास आणि आरोपी. (क्रमांक नऊ तू आहेस. डिकीवर पिशवी आपटलीस, पिशवीत लोखंडी इस्त्री होती. मी कधी बोललो नाही, पण नोंद आहे.) आता दीड-दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका सोमवारी सकाळी मी गाडी पुसायला खाली गेलो, तर डाव्या मडगार्डवर, पुढच्या चाकाच्या वरच्या अंगाला, एक मासा होता. ताटाएवढा. निळ्या काठाच्या कपाच्या तुकड्यांचा, मधल्या फटींत पांढरं सिमेंट आणि डोळ्याच्या जागी माझ्या जुन्या कोटाचं बटण. मी वर येऊन विचारलं. ही कणीक मळत असावी तशा शांतपणे म्हणाली की कप फुटला, टाकवेना. ताई, अडतीस वर्षं मी या बाईबरोबर संसार करतो आहे. तिच्या हातून फुटलेल्या कपाला दुसरी संधी मिळाल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. फुटलेला कप, टवका गेलेली बशी, कान मोडलेली किटली, या घरातून सगळं त्याच मिनिटाला बाहेर जातं. माझ्याकडेही ती कधी कधी त्याच नजरेने बघते.

पण माझा संशय कपावर नव्हता, जागेवर होता. आपल्या फाटकातून आत आलं की गाडी डावी बाजू कुंपणाच्या भिंतीकडे करून उभी राहते, तुला आठवत असेल. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस तिरका होऊन, श्वास धरून शिरू शकतो. कला ही चार लोकांना दिसावी म्हणून करतात. जिथे फक्त पाल जाईल तिथे जाऊन, उकिडवं बसून, सगळ्या गाडीला सोडून नेमक्या त्या हातभर पत्र्यावर कुणी मासा का काढेल? माझ्या वहीप्रमाणे त्या जागी पोचा नाही. सतराच्या सतरा दुसरीकडे आहेत. म्हणजे माशाखाली जे काही आहे ते नोंदीबाहेरचं आहे, एवढं मी त्याच सकाळी ठरवून टाकलं. मग रुमालात लोहचुंबक गुंडाळून घेतला आणि फटीत शिरलो. चिनी माती जाड, त्यामुळे चुंबकाला काही कळेना. (हिला माझी पद्धत माहीत आहे, हेही मी टिपून ठेवलं.) मग बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून बघत होतो तर वरून खिडकीतून आवाज आला, की काय ऐकताय. मी म्हटलं, मासा. यावर ही हसली नाही. निर्दोष माणूस हसला असता.

दुसऱ्या दिवशी त्या माशाशेजारी दुसरा मासा आला, आठवड्याभरात लाटा आल्या, आणि मग हिची साथीदार उघड झाली. वरच्या मजल्यावर निवृत्त चित्रकलेच्या बाई राहतात, उंच, केस कापलेल्या, जिन्यात भेटल्या की माणसाकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतात त्या. त्या एका सकाळी खडू घेऊन खाली उतरल्या आणि मला न विचारता माझ्या गाडीच्या उजव्या दारावर समुद्र आखू लागल्या. मी म्हटलं, बाई, ही गाडी आहे, हिला चालायचं असतं. त्या म्हणाल्या, चालेलच, चालती फिरती ठेवायची हाच तर मुद्दा आहे, उभी करून ठेवायची असती तर भिंत काय वाईट होती. आता या उत्तरात मला खोट काढता आली नाही, आणि ज्या उत्तरात खोट सापडत नाही ते आधी बसून पाठ केलेलं असतं असा माझा अनुभव आहे.

मग समोरच्या गॅरेजचा मिस्त्री यात आला. याचं नाव मी 'होऊनजाईल' ठेवलं आहे, कारण काहीही विचारलं तरी त्याचं तेवढंच उत्तर असतं. तीस वर्षं हा माणूस माझ्याकडे जुने पोचे नवे म्हणून पाठवत राहिला आणि मी ते परत पाठवत राहिलो. आता तो माझ्याच गाडीवर, माझ्याच डोळ्यांदेखत, पोच्यांवर कपबशा लावून घेतो आहे आणि शीळ घालतो आहे. पहिले काही दिवस यांनी सगळं पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवलं होतं. मी बजावलं होतं की पत्रा थरथरतो, सिमेंट थरथरत नाही, या दोघांचं जमायचं नाही. (ही म्हणाली, जमतं, सवयीनं.) होऊनजाईल गाडी चाचणीला म्हणून बाहेर घेऊन गेला आणि पहिल्याच गतिरोधकावर समुद्र सुटला. गतिरोधकापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रस्ताभर कपांचे कान पडले होते, आणि ही बादली घेऊन मागून वेचत येत होती. मी मात्र थेट डाव्या मडगार्डकडे गेलो. ताई, नीट ऐक. सगळं पडलं होतं, तो पहिला मासा जागच्या जागी होता. फटींत वरून दाखवायला सिमेंट, पण आत काचा बसवायचं ते रबरासारखं पक्कं सिलिकॉन, पहिल्या दिवसापासून. म्हणजे बाकीचा समुद्र पडला तर पडो, पण तो एक मासा पडता कामा नये, हे कुणीतरी आधीच ठरवलं होतं. मी सर्व्हेअर असताना एवढा पुरावा मिळाला असता तर त्या दिवशी डबा न खाता अहवाल लिहायला बसलो असतो.

त्यानंतर काम रीतसर सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर त्यात मलाच घुसावं लागलं, कारण यांना पत्र्यातलं काही कळत नव्हतं. रंग पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय सिलिकॉन धरत नाही, हे मी सांगितलं. दाराच्या फटीवरून तुकडा नेला तर दार उघडायचं नाही, हेही मीच. (आता एक मोठा मासा डोकं पुढच्या दारावर आणि धड मागच्या दारावर असा आहे. मागे कुणी बसायला लागलं की त्याचा शिरच्छेद होतो.) प्रत्येक तुकड्याची धार कानशीने घासायची, नाहीतर शेजारून जाणाऱ्याची बाही फाटायची आणि दावा आपल्यावर यायचा. दिवे, आरसे, नंबरपाटी, पेट्रोलचं झाकण यांना हात लावायचा नाही. बॉनेटवर आधी चारच तुकडे लावून इंजिन तासभर चालू ठेवायचं आणि गोंद मऊ पडतो का बघायचं. हे सगळं मी पाळतीसाठी करत होतो, हे लक्षात असू दे. गुन्हेगारांत मिसळल्याशिवाय काही हाती लागत नाही. दुपारी चार वाजता कानस घेऊन बसायची मला आता सवय लागली आहे, पण ती पाळतच आहे.

माल कुठून येतो, हा दुसरा प्रश्न. सुरुवातीला शेजारपाजारचे लोक आपली फुटकी भांडी आणून द्यायचे. मग लोक एकेक अख्खी बशी आणायला लागले आणि दारात आल्यावर ती हातातून सुटायची. पलीकडच्या इमारतीतल्या एक आजी दोन कप घेऊन आल्या आणि मला विचारलं, इथेच फोडू की तुम्ही फोडाल. आपल्या घरात तर हिच्या हाताला एकाएकी कंप सुटला आहे. बारा कप होते, पाच उरले. तू आमच्या लग्नात दिलेला फुलांचा सेट, जो अडतीस वर्षं चांगल्या पाहुण्यांसाठी वर ठेवला होता आणि चांगले पाहुणे काही आले नाहीत, तो आता मागच्या काचेखाली प्रवाळ म्हणून आहे. मी चहा स्टीलच्या पेल्यातून पितो आणि तो पेला रात्री कपाटात कुलूप लावून ठेवतो.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. या दोघी कलेच्या नावाखाली माझी परीक्षा घेत आहेत. चित्रकलेच्या बाई मला दहा पावलांवर उभं करतात आणि विचारतात, हा तुकडा निळा वाटतो की हिरवा. मी म्हणतो निळा. त्या दोघी एकमेकींकडे बघतात. मग डावा डोळा हाताने झाकून बघा म्हणतात, त्याने म्हणे चित्राचा तोल कळतो. मग उजवा झाका म्हणतात. एकदा विचारलं, इथून त्या माशाचे खवले मोजता येतात का. मी चौदा सांगितले, ठामपणे. बाईंनी खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. (नंतर जवळ जाऊन पाहिलं तर तो मासा नव्हता, नाव होती. पण नावेलाही फळ्या असतातच आणि त्या चौदा असू शकतात.) माझ्याविषयी लिहिलेली वही माझ्याच घराच्या वर राहते आहे, ही कल्पना कर.

आणि या सगळ्यात गाडी मला चालवायला मिळालेली नाही. त्या सोमवारपासून एकदाही नाही. किल्ली मागितली की ही म्हणते, सुकतंय, चोवीस तास हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा, नवे चोवीस तास. एकोणीस वर्षं माझ्या खिशात असलेली किल्ली आता हिच्या पर्समध्ये असते, आणि ती पर्स पूर्वी खुंटीला असायची ती आता हिच्या खांद्यावर असते. मला दुसरं काही नको, ताई. निवृत्त झालो तेव्हा टेबल गेलं, शिक्का गेला, लोक उठून उभे राहायचे ते थांबले. गाडीत बसून किल्ली फिरवली की मात्र मी कुठेतरी निघालेला माणूस वाटतो, मग भाजी आणायला का निघालेला असेना. तेवढंच उरलं आहे, आणि तेही हळूहळू कपाच्या तुकड्यांखाली जातं आहे. हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

पण मी गप्प बसलो नाही. एका दुपारी झोपेचं सोंग सोडून खाली गेलो आणि भिंग घेऊन किलोमीटरचा आकडा वाचला. तीन दिवसांनी पुन्हा वाचला. 'सुकत' असलेली गाडी एकेचाळीस किलोमीटर चालली होती. हिला विचारलं तर म्हणाली, मिस्त्री चाचणीला नेतो. मी परत खाली गेलो. पुढचं आसन चार दाते पुढे सरकवलेलं होतं. ताई, होऊनजाईलचं पोट तू पाहिलेलं नाहीस. त्या जागेत तो बसला असता तर हॉर्न थांबलाच नसता. चित्रकलेच्या बाई पाच फूट नऊ इंच. आरसा खाली कललेला. बुटका, सडपातळ, आणि बसताना पाठीशी उशी घेणारा चालक, असं वर्णन मी कागदावर लिहिलं. वर बघितलं तर ही समोर बसून पेपर वाचत होती, पाठीशी उशी घेऊन. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि दोन दिवस काही जेवलो नाही (म्हणजे भात जेवलो नाही).

मागच्या आठवड्यात, रूप बदललेली गाडी कागदांवर चढवायची म्हणून, ती आरटीओच्या तपासणीच्या मैदानावर नेली. नेली म्हणजे होऊनजाईलने नेली आणि आम्ही तिघं मागून रिक्षाने गेलो, कारण मी गाडीत बसलो तर रस्ताभर बोलेन असं ठरलं होतं. मी नियमांचं पुस्तक घेतलं होतं, खुणा घालून. मला मनातून वाटत होतं की तपासणीचे साहेब नापास करतील, मग सगळं खरवडून काढावं लागेल आणि काय ते उजेडात येईल. साहेब तरुण आणि उदास होते. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. रेशमी रुमाल काढून सगळ्या कडांवरून फिरवला, धागा कुठे अडकतो का बघायला. एकही अडकला नाही. (कानस माझी होती. तेव्हा मला आनंद झाला, तो मी आवरला.) दिवे पाहिले, आरसे पाहिले, वजन केलं, ब्रेक दाबून पाहिले. मग कागदावर 'रंग' या रकान्यापाशी पेन थांबलं. कागदांवर पांढरा होता. साहेबांनी गाडीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि लिहिलं, 'अनेक'. मग विचारलं, चालवणार कोण. मी किल्लीसाठी हात पुढे केला. माझा हात तसाच राहिला आणि हिने पर्समधून परवाना काढून साहेबांच्या हातात दिला.

स्वतःचा परवाना, ताई. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काढलेला, तीन आठवड्यांचा, आणि त्यावरच्या फोटोत ही हसते आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत ती हसलेली नाही. मग ती गाडीत बसली, आसन सरकवलं (चार दाते), आणि मैदानाला तीन फेऱ्या मारून दोन पिंपांच्या मधून गाडी उलटी आत घेतली. कुठे चाक लागलं नाही. मान वळवून, ओठ दाबून, हात एवढासुद्धा न हलवता. कुंपणाशी मी उभा होतो आणि माझ्या छातीत काहीतरी भरून आलं. तो अभिमान असावा. त्या वेळी मी त्याची संशय म्हणून नोंद केली, पण आता लिहिताना वाटतं की तो अभिमानच होता.

असो. आता निष्कर्ष. तुझी भावजय माझ्या पाठीमागे गाडी शिकली. शिकताना कुठेतरी ठोकली, डाव्या मडगार्डवर. तो पोचा मला दिसू नये म्हणून मासा लावला, मासा एकटा संशयास्पद दिसेल म्हणून समुद्र केला, आणि समुद्राच्या निमित्ताने किल्ली ताब्यात घेतली. एक ओरखडा आणि जांभळी गाडी, तोच प्रकार. तू मोठी आहेस, तुझ्या शब्दाला ती मान देते. तिला विश्वासात घेऊन विचार. तिने एवढंच म्हणावं की पोचा माझा आहे. मी एक शब्द बोलणार नाही. वहीत क्रमांक अठरा लिहीन, पुढे तिचं नाव लिहीन, आणि किल्ली परत माझ्या खिशात यावी एवढीच अपेक्षा आहे.

भाऊजींना नमस्कार. पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, शेवट सोडून. पोचा माझा आहे, ताई. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी भाजी घेऊन आलो, फाटकातून गाडी आत घेतली आणि डावीकडे काहीतरी मोठ्यानं वाजलं. उतरून बघतो तर मडगार्डला ताटाएवढा पोचा, आणि शेजारी फाटकाचा खांब. तो खांब वीस वर्षं तिथेच आहे. मला तो दिसला नाही. चौतीस वर्षं मी लोकांना विचारलं की हे कसं झालं, आणि कुणी गप्प राहिला की लिहायचो, 'समाधानकारक खुलासा नाही'. त्या दिवशी मी अर्धा तास त्या फटीत उभा होतो आणि माझ्याकडेही खुलासा नव्हता. वहीत नोंद केली नाही. घरात बोललो नाही. सोमवारी तिथे मासा होता. तिला ते ठाऊक आहे असा मला दाट संशय आहे, आणि ठाऊक असून ती एक अक्षर बोलत नाही हे मला सहन होत नाही. म्हणून तिच्यावर ढकलून पाहिलं.

दुसरा ता. क. पत्र मुळात यासाठी होतं. डाव्या डोळ्यासमोर दुधाचा हात फिरवल्यासारखं दिसतं, सहा महिने झाले. उजव्याचंही काही खरं नाही. मला तपासून घ्यायचं आहे आणि एकट्याने जायची भीती वाटते. हिला सांगायला तोंड नाही, कारण सांगितलं तर खांबाचंही सांगावं लागेल. तू आठ दिवस ये. तुझं काहीतरी दुखतंय असं सांगू (काय ते तू ठरव, पटेल असं काहीतरी) आणि दवाखान्यात गेल्यावर मला दाखवू.

तिसरा ता. क. पाकिटावरचा पत्ता हिच्याकडून लिहून घेणार आहे, कारण माझ्या ओळी हल्ली एकमेकींच्या अंगावर चढतात. घाबरू नको. पाकीट आधी डिंकाने आणि वरून चिकटपट्टीने बंद करून मगच तिच्या हातात देईन.

ताई, नमस्कार. पाकीट यांनी अगदी पक्कं बंद करून दिलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी. पत्र मात्र टेबलावरच राहिलं होतं. पाकीट हाताला हलकं लागलं म्हणून शोधलं. वाचायचं नव्हतं, पण स्वेटरपाशी आले आणि मग थांबवेना.

मी गाडी शिकतेय एवढंच तुम्हाला सांगितलं होतं, पुढचं सांगायची लाज वाटली. तो पोचा माझाच आहे. त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी दुपारी हे झोपल्यावर यांच्या खिशातून किल्ली घेतली, वरच्या बाई शेजारी बसल्या होत्या आणि मी फाटकातून आत घेताना खांबाला लावली. भिंतीच्या बाजूला असल्यामुळे यांना तीन दिवस दिसला नाही. शनिवारी यांनी खांबाला नाही लावली, खांबाशेजारची माझी कुंडी फोडली. मी खिडकीतून बघत होते. उतरले, पोचा बघितला, आणि पोचा दिसल्यावर हे दुसरीकडे बघतात कुठे. पायाखाली कुंडीचे तुकडे होते, तेही दिसले नाहीत. जेवताना सांगणार होते. पण यांचा चेहरा असा उतरलेला की नुसती आमटी वाढून आत गेले. रविवारी तीन वेळा त्या फटीत जाऊन उभे राहिले. मला ते बघवेना, म्हणून मासा लावला, पुन्हा बघायला लागू नये म्हणून. मग तो एकटा बरा दिसेना, आणि मग खरं सांगते, मला आवडायलाच लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी महिन्यापूर्वीच घेऊन ठेवली आहे, येत्या गुरुवारची. यांना कसं न्यायचं तेवढं कळत नव्हतं. आता तुम्ही या, तुमचं काहीतरी दुखू दे, म्हणजे हे आपणहून चालत येतील. स्टेशनवर मीच घ्यायला येते. गाडी ओळखायला अडचण येणार नाही. मोतीबिंदूच असणार, फक्त ऑपरेशन होईपर्यंत पोचा यांचाच राहू द्या, नाहीतर डोळे दाखवायचं मागे पडेल आणि आधी वही उघडली जाईल. डोळे बरे झाले की मी स्वतः तो मासा खरवडून यांना दाखवीन. बुधवारचा पोचा होता, ताई, शनिवारपर्यंत त्याला गंज धरला होता.